गोंड्याचा मामा

"मॅडम, मोठा झाल्यावर गोंड्याचं लग्न कुणाशी लावणार?"

तोंड माझं होतं, आवाज माझा होता आणि तो हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत खणखणीत पोचला, पण प्रश्न माझा नव्हता. तो रोझलिन आणि प्रांजलचा होता. पर्णवानर केंद्राच्या डॉ. ऋता बापट शाळेत बोलायला येणार हे कळल्यावर दोघींनी मला मधल्या सुट्टीत गाठलं. हिंमत असेल तर हे विचार, नाहीतर आठवडाभर आमच्या डब्याला हात लावायचा नाही. रोझलिनच्या आईची इडलीसारखी मऊ सान्नं ज्यांनी खाल्लीत त्यांना लगेच कळेल की मला दुसरा रस्ता नव्हता.

अख्खा हॉल खिदळला. हेडसरांनी टेबलावर पट्टी आपटली. मी बसायच्या बेतात होते, पण बापट मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, काचा साडीच्या पदराने उगाचच पुसल्या.

"खरं उत्तर देऊ?" त्या म्हणाल्या. "मला माहीत नाही."

मग माईक बाजूला धरून त्यांनी मला सांगितलं की शाळा सुटली की केंद्रावर ये, तिथे कामाला असलेल्या तुझ्या आईलाही थांबवून ठेवते. हसण्याचा आवाज एकदम बसला. प्रांजल माझ्या कानात म्हणाली, मामा, तू गेलीस.

मामा म्हणजे मी. केतकी गवस, इयत्ता दहावी, कुंभेरी गाव. मुलगी असून मामा कशी, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

दूर दक्षिणेला, विषुववृत्ताजवळ, तेरिंगा नावाचं बेट आहे. तिथल्या रानात काजळी पर्णवानर राहायचे. पर्णवानर म्हणजे पाला खाऊन जगणारी माकडं, आपल्या वानरांचे चुलतभाऊच. त्यांचं पोट कप्प्याकप्प्यांचं असतं. पहिल्या मोठ्या कप्प्यात जीवाणूंची वस्ती असते. ते पाला आंबवतात, त्यातलं थोडंफार विष मोडतात आणि मग कुठे माकडाला जेवण मिळतं. आई केंद्रात पिल्लांची देखभाल करते, आणि कुणी विचारलं की सांगते, आंबोळीच्या पिठाचं भांडं पोटात घेऊन फिरतात. बापट मॅडमनी हे वाक्य तिच्याकडून उचललं आणि आता सगळ्या भाषणांत वापरतात.

तेरिंगावरचं रान आधी पामतेलाच्या माडांसाठी तोडलं, उरलेलं एका कोरड्या वर्षी जळलं. शेवटचे काजळी वानर गेले तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पुढे बेटावरच्या लोकांनी रान परत उभं केलं, झाडं वाढली, पण पाला खाणारं कुणी उरलं नव्हतं. उरल्या होत्या फक्त गोठवून ठेवलेल्या कातडीच्या पेशी. शास्त्रज्ञांनी त्या पेशी उलट्या चालवत नेऊन पुन्हा कोऱ्या केल्या, त्यांच्यापासून बीज बनवलं आणि बिजापासून गर्भ. आता गर्भ वाढवायला कूस हवी. म्हणून केंद्र आमच्या गावात आलं, कारण आमच्या देवराईतल्या वानरांवर कुणी कधी दगड उचललेला नाही. माणूस जवळ आला तर ती फार तर कूस बदलतात.

पाच पिल्लं जगली. चार माद्या आणि एकच नर, कारण नराच्या पेशींची एकच शाबूत कुपी यातच संपली आणि नर गर्भ एकच टिकला. हा नर बायजा नावाच्या आमच्या वानरिणीच्या पोटी जन्मला. काजळी वानरांची पिल्लं जन्मतात तेव्हा चक्क केशरी असतात. बायजा करड्या रंगाची, काळ्या तोंडाची. तिने त्या गोंड्याच्या, म्हणजे झेंडूच्या, फुलासारख्या गोळ्याकडे एकदा नीट पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं आणि छातीशी धरलं. आईने तिथल्या तिथे नाव ठेवलं, गोंड्या.

मग गावातल्या बायकांनी उष्टावण काढलं. मूल पहिल्यांदा अन्न खातं तेव्हा घास मामाने भरवायचा असतो, हे सगळ्यांना माहीतच आहे. गोंड्या पाला चघळायला लागला तशा राणेकाकी चार बायका घेऊन केंद्राच्या फाटकाशी आल्या. बायजाचा भाऊ म्हणून कुणाला पाटावर बसवायचं यावर बरीच चर्चा झाली, पण देवराईतला एकही वानर पाटावर बसायला तयार होईल असं दिसेना. बापट मॅडम म्हणाल्या, मग राहू दे. त्यावर राणेकाकी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मामा नाय म्हणान पोराक उपाशी ठेवतलास?"

आई रोज तिथे, मी रोज आईबरोबर, त्यामुळे नजरा माझ्याकडे वळल्या. मॅडमनी माझ्या रक्ताच्या, थुंकीच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या आणि परवानगी दिली. त्यांनाही मजा वाटत होती. देवराईतलं पान हाताने तोडत नाहीत, म्हणून आमच्या परसातल्या उंबराची पानं आणली. ती जरा राठ निघाली. आई माझ्या मावसभावाला भाकरी चावून मऊ करून भरवायची ते मी पाहिलं होतं. मी मास्क खाली केला, पान चावलं. गोंड्या बायजाच्या मांडीवरून पुढे वाकला, माझे ओठ बोटांनी फाकवले आणि नाक सरळ माझ्या तोंडात घातलं. हुंगलं. मग माझ्या हातातलं पान घेऊन खाल्लं. बायकांनी टाळ्या वाजवल्या, मॅडमनी फोटो काढला.

त्या दिवसापासून मी मामा. तोवर मी हजेरीला 'हजर' म्हणायचे तेही बाकाला ऐकू जाईल इतपतच. आता पाहुणे आले की मला बोलवायचे, मी माहिती सांगायचे, पत्रकारांना उत्तरं द्यायचे. गॅदरिंगचं सूत्रसंचालन केलं. वक्तृत्वात तालुक्यात दुसरी आले. माझा आवाज इतका मोठा आहे हे मलाच ठाऊक नव्हतं.

तर त्या संध्याकाळी मी केंद्रावर गेले. मॅडमनी मला आणि आईला बाकावर बसवलं आणि समजावून सांगितलं.

वानराचं पिल्लू कुठला पाला खायचा हे आईच्या तोंडाचा वास घेऊन शिकतं. रानात शेकडो झाडं, त्यातली निम्मी विषारी, चुकून चालत नाही. म्हणून लहानपणी थोडे दिवस त्याच्या मेंदूत जणू एक खिडकी उघडी असते. हे तोंड आपलं, या तोंडाला जो वास येतो ते जेवण, एवढं आत गेलं की खिडकी बंद होते. हे कुणाला नीट माहीत नव्हतं, या पाच पिल्लांमुळेच कळलं. केंद्राने वानरिणींच्या गळ्यात गंधपट्टे बांधले होते. वानरीण पाला चावायला लागली की पट्टा तिच्या तोंडाजवळ तेरिंगाच्या झाडांचे वास सोडायचा. राहते कुंभेरीत, पण तोंडाला वास परक्या बेटाचा. चारही माद्या त्यावर छान शिकल्या. हरितगृहात वाढवलेला तेरिंगाचा पाला दिला की मिटक्या मारत खातात.

गोंड्या तो पाला फेकून देतो. त्याची खिडकी उघडी होती तेव्हा आत माझं तोंड आलं होतं. आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण मी रोज संध्याकाळी जाऊन पहिलं पान चावून द्यायचे, आणि मग दुसऱ्या दिवशीपर्यंत तो तेवढ्याच जातीचा पाला खायचा. आम्हाला ते लाड वाटत होते.

मी आईकडे पाहिलं. मॅडम घाईने म्हणाल्या की यात तुमचं काही चुकलं नाही, फोटो मीच काढला होता.

मग त्यांनी मला तेरिंगाचं एक पान दिलं, माणसाला चालतं याची खात्री करून. इतकं कडू की जिभेची घडी झाली. गोंड्या उडी मारून आला, नाक घातलं, हुंगलं आणि समोरची अख्खी जुडी खाऊन टाकली. मॅडमनी श्वास सोडलेला मला ऐकू आला. त्यांनी तेच पान आईला चावायला लावलं. गोंड्याने आईचं तोंड तळहाताने बाजूला सारलं. जन्मापासून त्याची घाण काढणारी माझी आई. ती हसली, नळावर गेली आणि चुळा भरत बराच वेळ तिथेच राहिली.

बायजा कोपऱ्यात बसून पाहत होती. गळ्यात तो पट्टा, कुणीही न हुंगलेला. ती उठून माझ्या मागे आली आणि तिने माझी वेणी धरली. ओढली नाही, नुसती धरून बसली. ती काय म्हणत होती ते मला कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

गणपतीनंतर पाचही पिल्लं तेरिंगाला जाणार होती. मॅडमचं म्हणणं असं की मी वर्षभर तिथे राहून एकेक पान चावून दाखवलं तर गोंड्या जगेल. नाही गेले तर तो इथल्या पिंजऱ्यात राहील आणि चार माद्या तिकडे म्हाताऱ्या होतील. जातच संपेल, दुसऱ्यांदा.

मी उडत घरी आले. विमान, बेट, समुद्र आणि वर दहावीला सुट्टी. बाबांचा काजूचा छोटा कारखाना आहे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी काजू घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगून टाकलं होतं की आमचं चेडू, म्हणजे मी, परदेशात एका जातीला वाचवायला चाललंय. आईचा चेहरा उतरला. रात्रीच्या जेवणात दोघांची जुंपली.

"दहावी फुडच्या वर्षाक देतली," बाबा म्हणाले. "शाळा खंय पळान जातली?"

"तुमका बाजारात सांगूक होया," आई म्हणाली, "म्हणान चेडवाक धाडतास?"

मी मध्ये बसून माशाचे काटे काढत होते. दोघांचंही पटत होतं आणि दोघांचाही राग येत होता.

शाळेत तर मी राणीच झाले. रोझलिनने तिकडून काय काय आणायचं ते सांगायला सुरुवात केली. प्रांजल मात्र विचित्र बोलली. तिचा भाऊ पुण्याला होस्टेलवर आहे, तो मेसमध्ये काय खाऊ हे आईला फोन करून विचारतो, आणि सगळे त्याला हसतात. म्हणाली, तुझा भाचा तसाच होणार. मी तिला चिमटा काढला. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी गोंड्याला चार माद्यांबरोबर मोठ्या पिंजऱ्यात सोडलं, सवय व्हावी म्हणून. त्याचा केशरी रंग केव्हाच उतरला होता, आता तो त्यांच्यासारखाच काजळी दिसत होता. एक मादी जवळ आली, त्याच्या खांद्यावरचे केस विंचरायला लागली. गोंड्या तिच्याकडे न पाहता उठला, जाळीशी आला आणि माझ्या तोंडाकडे बघत बसला. ती मादी थोडा वेळ हात तसाच धरून राहिली.

मला हॉलमधला तो लग्नाचा प्रश्न आठवला. या वेळी मी तो न हसता विचारला. मॅडम म्हणाल्या की मेंदूत 'कोणाचं खायचं' आणि 'आपलं कोण' या दोन गोष्टी शेजारीशेजारी शिकल्या जातात असं त्यांना वाटतं. एक बसली की दुसरीही बसते. मग मी विचारलं, वर्ष संपल्यावर काय? त्या म्हणाल्या, आणखी एक वर्ष, बहुतेक. आणि त्यानंतर? त्यांनी पुन्हा चष्मा पुसायला घेतला.

मी खोदून विचारलं तेव्हा दुसरा मार्ग बाहेर आला. तो त्यांना स्वतःलाच आवडत नव्हता.

प्रांजल एकदा जत्रेत उसाचा रस पिऊन एसटीत ओकली होती. रसाचा दोष नव्हता, घाटाचा होता. तरी आजही गुऱ्हाळावरून जाताना ती नाक दाबते. पोटाने घेतलेला धडा मेंदू एका फटक्यात शिकतो आणि विसरत नाही. मी चावलेल्या पानाच्या जोडीने गोंड्याला ओकारीचं औषध दिलं, तर तो माझ्या तोंडावरचा विश्वास एका दिवसात टाकून देईल. लगेच दुसरं औषध द्यायचं, बंद झालेली खिडकी थोडे दिवस पुन्हा उघडणारं. ते उंदरांवर चाललंय, मोजक्या माकडांवर चाललंय, काजळी वानरावर कुणीच करून पाहिलेलं नाही. खिडकी उघडली तर तो त्या माद्यांच्या तोंडांना हुंगून शिकेल. नाही उघडली तर जगात कुणाचंच तोंड त्याला आपलं वाटणार नाही, नळीने भरवावं लागेल, आणि असं वानर फार टिकत नाही.

शक्यता किती, मी विचारलं. अर्धीअर्धी, त्या म्हणाल्या. हे पान दुसऱ्या कुणी दिलं तर? दुसऱ्या कुणाकडून तो घेणारच नाही, केतकी.

मी त्यांच्यावर चिडले. म्हणाले, मग त्या दिवशी भाषणात सरळ सांगायचं ना. उत्तर येत नसेल तर मोठ्या माणसांनी भाषणं देऊ नयेत. वक्तृत्वाच्या आवाजात म्हणाले. आईने माझा दंड धरून बाहेर आणलं. वाटेत ती रागावली नाही, तेही मला आवडलं नाही.

मग मला ताप आला. साधाच, पावसातला. केंद्रात यायचं नाही असा निरोप आला, कारण माझा ताप त्याला लागला असता. मी गोधडीत पडून होते आणि आई संध्याकाळी येऊन सांगायची. आज नाही खाल्लं. उंबरही नाही. बायजाने पान हातात दिलं, ते हातातच धरून बसला. जाळीशी बसून फाटकाकडे बघत होता.

हे ऐकून मला आधी आनंद झाला. खरंच झाला, नंबर पुकारल्यावर स्टेजवर जाताना होतो तसा. माझ्यावाचून कुणीतरी जेवत नाही. असं याआधी माझ्या बाबतीत कधी झालंच नव्हतं. मी कूस बदलली आणि त्या आनंदाची मला भीती वाटली. मी विचार करायला लागले, पण सरळ विचार होईना. तेरिंगाला गेले तर मी त्याला वाचवणार की माझ्यापाशी ठेवणार? न जाता ते पान दिलं तर मी त्याला सोडवणार की मारणार? मी मामा आहे म्हणून भरवायचं, की मामा आहे म्हणूनच थांबायचं? एक उत्तर धरलं की दुसरं वाकुल्या दाखवायचं. बापट मॅडमना माहीत नाही, आईला माहीत नाही, मग दहावीतल्या मुलीला कुठून माहीत असणार?

ताप उतरल्यावर मी धावत गेले. गोंड्याच्या फासळ्या दिसत होत्या. मी पान चावलं, त्याने माझे ओठ फाकवले, हुंगलं आणि इतक्या घाईघाईने खाल्लं की त्याला ठसका लागला. मग तो माझ्या गळ्याशी डोकं लावून झोपला, त्याचा श्वास माझ्या कॉलरमध्ये. मागे ती केस विंचरणारी मादी जाळीला धरून उभी होती. बायजा आली नाही. मी असताना जवळ यायचं तिने सोडून दिलं होतं.

मी तिथे अंधार पडेपर्यंत बसले. मॅडम दोनदा डोकावल्या आणि परत गेल्या. निघताना मीच त्यांच्या खोलीत गेले.

घरी आले तेव्हा आई चुलीपाशी भाकऱ्या थापत होती आणि बाबा पासपोर्टसाठी फोटो कुठल्या दुकानात काढायचे ते तिला सांगत होते. निळी पार्श्वभूमी चालत नाही म्हणे, पांढरी लागते. मी पाय धुतले, आत आले आणि पाटावर न बसता उभी राहिले. दोघांनी मान वर केली. माझा आवाज मामा होण्याआधी होता तसा झाला होता. बाकापुरता.

"मी तेरिंगाक जाणार नाय," मी म्हटलं. "मॅडमांका सांगान इलंय. उद्या सकाळी तो ओकारीचो पालो मीच तेका देतलंय. चलता की नाय ता माका ठावक नाय. कोणाकच ठावक नाय."

बाबांनी तोंड उघडलं. आईने पिठाचा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

"आणि तुमी दोघांय थंय येवा," मी म्हटलं. "मागसून तो माझ्याकडे बघूचो नाय. तेव्हा माका घराक कोणीतरी आणूक होया."